प्रमाण कूळ

सन्मती मगदूमच्या मुलाला ज्या जंतूंनी मारलं, त्या जंतूंचा वंश त्याने सतरा वर्षं सांभाळला होता.

सांगलीतल्या त्याच्या प्रयोगशाळेत, कडाक्याच्या थंडीवर चालणाऱ्या शीतपेटीत, बोटाच्या पेराएवढ्या कुपीत ते गोठून पडलेले असत. वर्षातून एकदोनदा तो त्यांना बाहेर काढी, उबेला ठेवी, खाऊ घाली, वाढू देई आणि पुन्हा गोठवून टाकी. मुलाचं नाव ठेवायचं राहूनच गेलं. बारशाआधीच तो गेला. घरात त्याचा उल्लेख नुसता 'बाळ' असा व्हायचा, आणि तोही क्वचित.

बाळ दिवस भरायच्या पुष्कळ आधी जन्मलं होतं. यमुनाबाई शिराळकर बालरुग्णालयात, जिथे त्याची आई, डॉ. त्रिशला, नुकतीच नवजात विभागाची प्रमुख झाली होती. पोटाचे टाके ओले असतानाच ती चाकाच्या खुर्चीतून वॉर्डात यायची. हात धुवायची, मास्क लावायची आणि बाळ ठेवलेल्या उबदार काचपेटीच्या भोकातून आत हात घालून बाळाला नळीने दूध पाजायची. मोठी मुलगी चंदना तेव्हा सहा-सात वर्षांची होती. तिला काचेबाहेरून दाखवलं होतं. मग एका सकाळी बाळाचा रंग राखेसारखा झाला. रक्त तपासायला गेलं. उत्तर आलं तेव्हा बाळाला पुरून सगळे घरी परतले होते.

ते उत्तर सन्मतीनेच वाचलं, कारण रुग्णालयाचा जंतुशास्त्रज्ञ तोच होता. स्यूडोमोनास. ओलाव्यात राहणारा जंतू. बाळाला जे औषध चालू होतं त्याला दाद न देणारा. दुसरं एक औषध मात्र चाललं असतं, आणि ते रुग्णालयाच्या कपाटात होतं.

तेव्हा पद्धतच तशी होती. रक्त रश्श्यासारख्या एका द्रवात घालायचं आणि जंतू वाढायची वाट बघायची. वाढले की ते काचेच्या ताटलीत सारवायचे आणि पुन्हा वाट बघायची. ताटलीवर ठिपके उगवत. एक ठिपका म्हणजे मुळातला एक जिवंत जंतू. ठिपके मोजायचे, त्यांच्यावर एकेक औषध टाकून बघायचं. पद्धत जुनी होती, भरवशाची होती. पण जंतू पोटभर जेवून वाढेपर्यंत इकडे माणूस तग धरेल, असं ती गृहीत धरायची. मोठी माणसं बहुधा धरत. ओंजळीत मावणारी बाळं धरत नसत.

त्या दिवसापासून सन्मतीने एकच काम केलं. वाट न बघता मोजायचं कसं, याचं.

सन्मतीची आई पाणी गाळून पिणारी, दिवस मावळायच्या आत जेवणारी. आपला मुलगा दिवसभर जीवजंतूंना मारतो की वाढवतो, हे तिला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. "दोन्ही करतो," तो सांगायचा. त्यावर ती जपमाळ ओढत राहायची.

यंत्र तयार झालं तेव्हा ते शिलाईमशीनएवढं होतं. त्यात रक्ताचे थेंब सोडले की आधी लोखंडाचे अतिसूक्ष्म मणी मिसळत. जंतूंनाही छळणारे विषाणू असतात. असे विषाणू ज्या नख्यांनी जंतूला धरतात, त्या नख्या तेवढ्या सन्मतीने मण्यांवर बसवल्या होत्या. मणी जंतूला पकडत, चुंबक मण्यांना ओढून घेई. रक्त बाजूला, जंतू बाजूला. मग एकेक जंतू तेलातल्या इवल्याशा थेंबात एकटा कोंडला जाई. थेंबातला रंग फक्त श्वास घेणाऱ्या जंतूमुळे चमके. मेलेला जंतू अंधारातच राही. यंत्र चमकणारे थेंब मोजी. शेवटी काही थेंब फोडून आतल्या जनुकांची माळ एका सूक्ष्म छिद्रातून ओढली जाई, आणि जंतू कोणत्या जातीचा, कोणत्या औषधाला भीक न घालणारा, हे पडद्यावर उमटे. एक चहा करून पिऊन होईतो सगळं आटोपलेलं.

एकाच जातीच्या जंतूंतही घराणी असतात. सन्मती त्यांना कुळं म्हणायचा. काट्याला जसं प्रमाण वजन लागतं, तसं यंत्राला ओळख शिकवायला एक पक्कं माहीत असलेलं कूळ लागतं. सन्मतीने त्यासाठी ती कुपी वापरली. यंत्राच्या स्मृतीत बाळाच्या रक्तातले जंतू 'प्रमाण कूळ क्रमांक एक' या नावाने नोंदले गेले. ते कुठून आले, हे फक्त त्याला आणि त्रिशलाला ठाऊक होतं.

यंत्र वॉर्डात आलं आणि पहिल्याच आठवड्यात कवठेमहांकाळहून आणलेल्या जुळ्यांतली धाकटी वाचली. रक्त घेतलं, चहा झाला, औषध बदललं, आणि दुपारी पोरगी हातपाय झाडायला लागली. त्रिशलाने सगळ्यांदेखत नवऱ्याचा हात घट्ट धरला. असं तिने लग्नातही केलं नव्हतं.

"सर, तुमचा हा मोजणीदार आला की जंतू सातबारा हातात घेऊनच उभे राहतात बघा," वॉर्डाच्या मुख्य परिचारिका मार्था सिस्टर म्हणाल्या. तेव्हापासून यंत्राचं नाव मोजणीदार पडलं.

ते पावसाळ्याचे चार महिने सन्मतीच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते. त्रिशला घरी आल्यावर आज कोण वाचलं ते सांगायची. जेवताना हसायची. चंदनाचं लग्न होऊन ती बेळगावला गेली होती. तिच्या फोनवर दोघंही एकदम बोलायला लागायची.

मग दिवाळीच्या सुमारास एका बाळाच्या रक्तात स्यूडोमोनास सापडला. औषध वेळेत मिळूनही ते बाळ गेलं. फारच अपुऱ्या दिवसांचं होतं. असं एखादं बाळ वॉर्डात दरवर्षी जायचंच. पूर्वी "नाजूक होतं" म्हणून सगळे हळहळायचे आणि पुढच्या पेटीकडे वळायचे. आता मोजणीदार होता. हा जंतू आला कुठून, ते शोधता येणार होतं.

नळ तपासले, बेसिनची भोकं तपासली, दुधाच्या वाट्या, वाफेची भांडी, नळ्या. कुठेच काही नाही.

"माणसं राहिली," त्रिशला म्हणाली. "सगळ्यांचे हात, नाक, कान. माझ्यापासून सुरुवात कर. म्हणजे बाकीचे कुरकुरणार नाहीत."

तिच्या केबिनमध्ये सन्मतीनेच तिचे नमुने घेतले. तिचा उजवा कान लहानपणापासून अधूनमधून वाहायचा. कृष्णेत मनसोक्त पोहलेल्या पोरींचे वाहतात, असं ती म्हणायची. थेंब घालायची, थांबायचा. सर्दी झाली की पुन्हा सुरू. सन्मतीने काडी कानात फिरवली तेव्हा ती खांदा उडवून हसली. "गुदगुल्या होतात रे."

नमुना यंत्रात घालून तो पडद्यासमोर बसला. थेंब चमकायला लागले. हातांवर थोडे. कानात असंख्य. खाली अक्षरं उमटली: स्यूडोमोनास, प्रमाण कूळ क्रमांक एक.

आधी त्याला वाटलं, यंत्र चुकलं. त्याने नळ्या बदलून पुन्हा लावलं. तेच. मग वाटलं, आपल्याच प्रयोगशाळेतून हे घरी गेलं असेल. आपल्या शर्टावरून, आपल्या हातांवरून. ही कल्पना इतकी भयंकर असूनही त्याने तिला बुडत्यासारखं धरलं. तसंच असू दे, असं तो मनाशी म्हणू लागला. मी आणलेलं असू दे.

पण ते तपासण्याची रीत होती, आणि ती त्याला येत होती. जंतू आपल्या जनुकांची नक्कल करताना क्वचित एखादं अक्षर चुकतो, आणि ती चूक पुढच्या सगळ्या पिढ्यांत उतरते. चुकांवरून वंशवृक्ष मांडता येतो. कुपीतले जंतू गोठलेले; त्यांचा काळ जवळजवळ थांबलेला. त्रिशलाला ते कुपीतून लागले असते, तर तिच्या कानातले सगळे जंतू कुपीतल्यांचे वंशज निघाले असते. सन्मतीने वृक्ष मांडला. खोड त्रिशलाच्या कानात होतं. जुन्या जाड फांद्या तिथेच होत्या. दिवाळीतलं बाळ त्यातल्या एका फांदीवरचं पान होतं. आणि कुपी, बाळाची कुपी, आणखी एका फांदीवरचं पान.

शीतपेटीत गेल्या काही वर्षांत दगावलेल्या बाळांचेही नमुने होते. त्याने तेही लावले. सगळे नाही, पण बरेच त्याच झाडावर जाऊन बसले.

कसं झालं असेल, ते त्याला बसल्या जागी दिसलं. त्रिशला हात धुण्यात कधीच हयगय करत नसे. पण धुतलेल्या हातांनी ती मास्क नीट करायची. मास्कची दोरी कानामागे असते. बोट कानाला लागायचं, आणि तेच बोट पेटीत जायचं. बाळाला जपण्यासाठी लावलेला मास्क.

त्याने पडदा बंद केला. मग उठून तिच्या केबिनमध्ये गेला.

त्याचा चेहरा बघून तिने पेन खाली ठेवलं. "माझ्यातच निघालं?"

"कानात."

ती पांढरीफटक पडली, पण मान ताठ होती. "दिवाळीचं बाळ?"

"हो. आधीचीही काही."

ती पुढचा प्रश्न विचारणार, हे त्याला ठाऊक होतं. ती डॉक्टर होती आणि आई होती. म्हणून तिच्या तोंडून तो निघायच्या आत त्याने बोलून टाकलं, "माझ्याकडून आलंय ते. प्रमाण कूळ आहे. कुपीतलं. मी घरी आणलं, कपड्यांवरून म्हण, हातावरून म्हण, आणि तुझ्या कानात जाऊन बसलं."

"पण माझा कान तर लहानपणापासून..."

"तेव्हाचे जंतू साधे होते. हे नंतरचे. चारपाच वर्षांतले."

त्रिशला त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत आधी काहीच नव्हतं. मग हळूहळू जे भरत गेलं, ते त्याने त्या डोळ्यांत कधी पाहिलं नव्हतं.

"माझ्या बाळाला मारलेले जंतू तू पाळलेस," ती म्हणाली. "मला आवडत नव्हतं. तरी मी काही बोलले नाही. आणि तू ते माझ्या अंगावर आणून सोडलेस?"

"हो," सन्मती म्हणाला.

ती त्या दिवसापासून चंदनाच्या खोलीत झोपू लागली. पण गप्प बसली नाही. विश्वस्तांनी प्रकरण दाबायचं म्हटलं तेव्हा तिने सरळ सांगितलं, ज्यांची बाळं गेली त्या प्रत्येक घराला मी स्वतः कळवणार. आणि कळवलं. सन्मतीची प्रयोगशाळा बंद झाली, त्याला कामावरून दूर केलं गेलं, पुण्याहून चौकशी समिती नेमली गेली. गावात लोक त्याच्याकडे बघून रस्ता ओलांडू लागले. त्याला त्याचं फारसं काही वाटलं नाही. सगळा राग आपल्यावर येतोय, म्हणजे तिच्यावर कमी पडतोय, असा त्याचा हिशेब होता.

तो हिशेब रुखसाना मुलाणीने चुकवला.

ती हळदीच्या बाजारात काम करणारी बाई. तीन वर्षांपूर्वी तिची मुलगी वॉर्डात गेली होती. ती एका दुपारी घरी आली. त्रिशलाने तिला आत बोलावलं, पण ती उंबऱ्यातच उभी राहिली. ओढणीला हळद लागलेली होती.

"मी भांडायला नाही आले मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही मुद्दाम केलं नाही, माहीत आहे मला. पण एक सांगायचं होतं. पोरगी गेली तेव्हा तुम्ही मला जवळ घेतलंत. माझ्या डोक्यावरनं हात फिरवलात. घरात कुणी नव्हतं माझं, तर तुमचा तो हात मी इतकी वर्षं आठवत होते. रडू आलं की आठवायचे." ती थांबली. "आता मी काय आठवू?"

रुखसाना थोडा वेळ उभी राहिली आणि जिना उतरून गेली. तेव्हापासून त्रिशलाने कुणाला हात लावणं सोडलं. भाजीवाल्याकडून सुटे घ्यायचे तरी ती ताट पुढे करायची.

मोजणीदार मात्र सांगलीत थांबला नाही. पुण्याच्या कंपनीने त्याची लहान, स्वस्त पेटी बाजारात आणली. सांगलीची बातमी हीच तिची जाहिरात झाली. शाळांच्या दारात, मंगल कार्यालयांत, सोसायट्यांच्या फाटकावर पेट्या लागल्या. तळहात टेकवायचा, हिरवा दिवा लागला तर आत. जंतू अंगावर असणं म्हणजे आजार नव्हे, प्रत्येकाच्या अंगावर ते असतातच, हे सन्मतीने दोनदा वर्तमानपत्राला लिहून कळवलं. छापलं नाही कुणी. लाल दिवा लागला म्हणून पोळ्यावाल्या बाया, आया, दाया घरी बसल्या. ज्याने यंत्र केलं त्याचंच आता कुणी ऐकत नव्हतं.

उन्हाळ्यात समितीची शेवटची बैठक झाली. पुण्याची एक तरुण शास्त्रज्ञ सगळं नीट, मनापासून समजावून सांगत होती. पडद्यावर तोच वंशवृक्ष होता. सन्मतीने तो एकदाच मांडला होता आणि पुसून टाकला होता.

"प्रयोगशाळेतून गळती झाल्याचं डॉ. मगदूम म्हणतात. पुराव्यावरून तसं दिसत नाही," ती म्हणाली. "उलट आहे. डॉक्टर मॅडमच्या कानातलं कूळ मूळ आहे आणि फार जुनं आहे. प्रमाण कूळ त्यातूनच फुटलेलं. म्हणजे ज्या रुग्णाच्या रक्तातून प्रमाण कूळ घेतलं होतं, त्या रुग्णालाही ते मॅडमकडूनच गेलेलं असणार. सर निर्दोष आहेत."

तिने सन्मतीकडे बघून स्मित केलं. तिला वाटलं, आपण चांगली बातमी दिली.

सन्मतीने त्रिशलाकडे बघितलं. ती हातातली पाण्याची बाटली बघत होती. झाकण लावायचा प्रयत्न करत होती आणि ते बसत नव्हतं.

परतताना त्यांची गाडी पुलावर आली. खाली कृष्णेचं पात्र आटून दगड उघडे पडले होते. गाडी चालकाशिवाय आपली आपण चालली होती. सन्मतीला हात कुठे ठेवावेत कळेना.

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," त्रिशला म्हणाली.

"हो."

"त्याला पाजायच्या आधी मी मास्क नीट करायचे. दर वेळी. दोरी सैल होती त्याची."

"त्रिशला, नको."

"का सांगितलंस खोटं?"

"तुझ्यासाठी."

ती हसल्यासारखी झाली. "मी सहा महिने तुझा तिरस्कार केला, सन्मती. रोज उठून केला. चांगले गेले रे ते दिवस. तेवढ्यावर उभी होते मी. आता तेही काढून घेतलंस." मग ती म्हणाली, "आणि आता तू जे काही सांगशील, ते खरं की माझ्यासाठी, हे मला कसं कळायचं?"



पावसाच्या आधी तिच्या कानाची शस्त्रक्रिया झाली. सडलेलं हाड कोरून काढलं, नवं औषध थेट आत सोडलं. ऐकू येणं पुष्कळ कमी झालं. जखम भरल्यावर सन्मतीने उधार आणलेल्या यंत्रावर तिचे नमुने लावले. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. एकही थेंब चमकला नाही.

"गेले," तो म्हणाला.

"म्हणजे शून्य?"

सन्मती अडखळला. कोणतंच यंत्र शून्य सांगू शकत नाही. आपल्याला सापडले नाहीत, एवढंच ते सांगतं. जो नमुना आपण घेतलाच नाही, त्यात काय होतं, हे त्याला कधीच कळत नाही. हे त्याने आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवलं होतं.

"यंत्राला सापडले नाहीत."

"मी ते नाही विचारलं."

"शून्य," तो म्हणाला.

त्रिशलाने मान हलवली. "बघ. हे यंत्र नाही, तू सांगतोयस."

त्याच सुमारास चंदनाला दिवस गेल्याचं कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे न बोलता ठरलेलंच असतं. चौथ्या-पाचव्या महिन्यात तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "आई, मी इथेच थांबू का बाळंतपणाला? दवाखाना जवळ आहे. आणि प्रवास नको म्हणतात..."

"इथेच थांब," त्रिशला तिला पुरतं बोलूही न देता म्हणाली. "माझ्याकडे येऊ नकोस."

पलीकडे चंदना रडायला लागली. तिला नको म्हटलेलं हवं होतं, की हो म्हटलेलं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मुलगी झाली. बारशाला दोघं बेळगावला गेली. चंदनाच्या सासरच्या दारातही भिंतीला ती लहान पेटी होतीच. सासूबाई ओशाळून म्हणाल्या, "सगळ्यांनाच लावायला लावतो हो, तुम्ही मनावर घेऊ नका." सन्मतीने तळहात टेकवला. हिरवा. त्रिशलाने टेकवला. हिरवा. सासूबाईंनी मोकळा श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू आला. त्रिशलाला मात्र ऐकू आला नसावा.

ती बैठकीत दाराजवळच्या खुर्चीवर बसली, दोन्ही हात पदराखाली. पाळणा हलला, कानात नाव सांगून झालं, घुगऱ्या वाटल्या. चंदना बाळाला घेऊन तिच्यासमोर आली.

"आई, घे ना. हिरवा लागला ना दिवा."

"पप्पांकडे दे."

"आई, मी म्हणतेय. मी तिची आई आहे, मी सांगतेय तुला, घे."

"तू मला काही सांगू नकोस," त्रिशला म्हणाली. आवाज कठोर नव्हता, दमलेला होता. "पप्पांकडे दे. मान धर म्हणावं तिची."

चंदनाने ओठ आवळले आणि मुलीला सन्मतीच्या हातात दिलं. तो तिला घेऊन खिडकीपाशी गेला. ऊबदार, गुबगुबीत, पुऱ्या दिवसांची पोर होती ती. तिच्या अंगाला दुधाचा वास येत होता. त्याला वाटलं, क्षणभर तरी त्रिशलाने हा वास घ्यावा.

तेवढ्यात पोरीला उलटी आली. दूध तोंडात आलं आणि श्वासाबरोबर आत गेलं. चेहरा लाल झाला, मग जांभळट, आवाजच निघेना. कुणीतरी बाई किंचाळली. सन्मती जागच्या जागी थिजला. आयुष्यभर त्याने जंतू हाताळले होते, मुलं नाही.

त्रिशला उठली. दोन पावलांत ती त्याच्यासमोर होती, हात पदराबाहेर, पुढे पसरलेले. बोटं मुलीच्या अंगाला लागणार, तोच ती थांबली. हात तसेच हवेत राहिले. मग तिने ते ओढून पाठीमागे घेतले आणि एकात एक घट्ट गुंतवले.

"पालथी घाल," ती म्हणाली. वॉर्डातला तिचा जुना आवाज. "तुझ्या हातावर. डोकं खाली. हनुवटी बोटांत धर. आता दोन खांद्यांच्या मध्ये थोपट. मनगटाजवळच्या तळहाताने. जोरात. आणखी जोरात, सन्मती, मोडत नाही ती!"

त्याने थोपटलं. दूध बाहेर पडलं. पोरीने श्वास ओढला आणि घर दणाणून जाईल असं रडली.

सगळ्यांचे जीव भांड्यात पडले. बायका एकदम बोलू लागल्या. चंदनाने मुलीला छातीशी घेतलं. "डॉक्टर आजी होती म्हणून बरं," सासूबाई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "कुठे गेल्या त्या?"

खुर्ची रिकामी होती.

सन्मतीला ती खाली गाडीत सापडली. काच वर केलेली, समोर बघत बसलेली. तो शेजारी बसला.

"चांगली आहे," तो म्हणाला. "रडतेय. सगळे तुला शोधतायत."

"चुकून हात पुढे गेले माझे," त्रिशला म्हणाली.

"काही नाही त्यात."

"लागले का तिला?"

"नाही."

"नक्की? एखादं बोट?"

"नाही लागलं, त्रिशला. मी बघत होतो. तू आधीच थांबलीस."

हे खरं होतं. त्रिशलाने मान वळवून त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली, एखादं बारीक अक्षर लागत नसावं तसं. मग तिने तोंड फिरवलं.

"चंदनाला फोन कर," ती म्हणाली. "पोरीला लगेच अंघोळ घालायला सांग."